बदकाची फेक

हॅल्व्हर कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात आयव्हर स्कोगनने तीन हंगाम काढले, आणि त्या तीन हंगामांत तो शनिवारच्या सामन्यांमध्ये सगळा मिळून अकरा मिनिटं खेळला. मोजून अकरा. तीही अशी, की सामना एक तर जिंकून झालेला असायचा नाही तर पार हातचा गेलेला, आणि लोक थर्मास न् घोंगड्या गोळा करून गाड्यांकडे निघालेले असायचे. आयव्हर मैदानात उतरला की आमच्या गावाला कळायचं, चला, आता उठायला हरकत नाही.

त्यात त्याचा दोष असा काही नव्हता. समोरच्या अकरा जणांचे इरादे ओळखून, कोणता डाव चालेल ते बघून, चेंडू नेमक्या माणसाकडे फेकणारा गडी एकच असतो, क्वार्टरबॅक. त्याला काही झालं तर हाताशी असावा म्हणून मागे एक राखीव ठेवतात. आयव्हर हा तो राखीव. आणि खऱ्या क्वार्टरबॅकला देवाच्या दयेने तीन वर्षांत साधं पडसंसुद्धा झालं नाही.

आयव्हर सहा फूट उंच, अंगाने सडसडीत, कान जरा मोठे, आणि स्वभावाने इतका गरीब की कुणी त्याच्या पायावर पाय दिला तर हाच ‘सॉरी’ म्हणणार. डोकं मात्र तल्लख. संघाचे सगळे डाव त्याला तोंडपाठ होते. कोच हेगन स्वतः कुठे अडले तर हळूच त्याच्याकडे बघायचे. अडचण एकच, हात. जवळची फेक सुरेख असायची, पण पंधरा यार्डांच्या पुढे त्याचा चेंडू डगमगायला लागायचा, वाऱ्यात अडखळायचा आणि दमलेल्या बदकासारखा खाली यायचा. म्हणून त्याचं नावच बदक पडलं. त्याने लांबची फेक टाकली की मागून कुणीतरी “क्वॅक” करायचंच, बहुतेक वेळा ऑगी फेटिग, ज्याचं काम धावत जाऊन चेंडू पकडायचं होतं. आयव्हरही सगळ्यांबरोबर हसायचा. ते हसणं खोटं आहे हे ओळखायला फार हुशारी लागत नव्हती, पण चेष्टा करणाऱ्यांकडे तेवढीही नसते.

मग तीन वर्षं हा संघात करत काय होता? तर दुसऱ्यांची सोंगं. दर सोमवारी कपडे बदलायच्या खोलीत त्याच्या खुंटीवर एक पातळ पांढरी बंडी टांगलेली असायची. तिच्यावर येत्या शनिवारी समोर येणाऱ्या संघाच्या क्वार्टरबॅकचा नंबर. त्या आठवड्यापुरता आयव्हर तो माणूस व्हायचा. फिल्म बघायची, तो उभा कसा राहतो, कोपर किती उचलतो, घाई झाली की कुणीकडे बघतो, सगळं उचलायचं, आणि गुरुवारपर्यंत आपल्याच बचावफळीसमोर ते करून दाखवायचं, म्हणजे शनिवारी तिला काही नवीन वाटू नये. एकदा तर आमच्या बचावातला एक आडदांड गडी सामन्यात समोरच्या खऱ्या माणसाकडे बोट दाखवून ओरडला, “अरे, हा आपल्या बदकाची नक्कल करतोय!”

“आजच्या विजयात निम्मा वाटा बदकाचा,” असं कोच हेगन त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले. आमच्या भागात एवढं कुणी कुणाला म्हणत नाही. तेवढ्यावर आयव्हरने वर्ष काढलं.

तिसरा हंगाम संपला, खरा क्वार्टरबॅक पदवी घेऊन निघायच्या तयारीला लागला, आणि नोव्हेंबरात कोचनी आयव्हरला खोलीत बोलावलं.

“बस. डाव तुला माझ्यापेक्षा जास्त येतात.”

“तसं काही नाही, कोच.”

“तसंच आहे. उगाच लाजू नकोस. पण फार्गोहून तो केल्टन येतोय. पोरगा एकोणीस वर्षांचा आहे, डाव विचारला तर छताकडे बघतो, पण फेकतो असा की पकडणाऱ्याची बोटं सुजतात. तुझं डोकं त्याच्या धडावर बसवता आलं असतं ना, तर मी निवांत मासे मारायला गेलो असतो.”

“मी काय करायचं ते सांगा.”

कोच खिडकीपाशी गेले. मैदानाच्या टोकाला निशाण वाऱ्याने ताठ उभं होतं. आमच्याकडे ते क्वचितच खाली पडतं. “एक फेक. मैदानाच्या या अंगाकडून त्या अंगाच्या रेषेवर, वीस यार्ड पुढे. वाऱ्याविरुद्ध. ती तुला येत नाही हे समोरच्यांना कळलं की ते अर्धं मैदान राखतच नाहीत, सगळे येऊन आपल्या उरावर बसतात. मग तुझं डोकं घेऊन मी काय करू? एप्रिलात बघू. फेक पोचली तर जागा तुझी.”

“कोच, पण हात वाढतो का? म्हणजे, या वयात?”

“खरं सांगू? मी पंचवीस वर्षांत कुणाचा वाढलेला बघितला नाही,” कोच म्हणाले. मग त्याचा चेहरा बघून त्यांनाच वाईट वाटलं असावं. “पण मी सगळं जग बघितलंय असंही नाही.”

आयव्हरला फार काही नको होतं. पदवी झाली की वडिलांच्या गावी धान्याच्या कोठारावर त्याचं काम ठरल्यातच जमा होतं, आणि त्याबद्दल त्याची तक्रारही नव्हती. फक्त एक शनिवार, सामन्याच्या पहिल्या मिनिटाला, आपला चौदा नंबर घालून मैदानात उभं राहायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. आमच्याकडे अशा गोष्टी सांगत नाहीत.

तो जो कामाला लागला तो चुकीच्या बाजूने. हात वाढवायचा म्हणजे वजनं उचलायची, हे आमच्या पोरांना शाळेपासून कुणीतरी पढवून ठेवलेलं असतं. दोन महिने त्याने बाकावर पडून लोखंड छातीवर घेतलं आणि वर ढकललं. छाती भरली, दंड फुगले, शर्टाची बाही तटतटली. जानेवारीत जिममध्ये चेंडू फेकून बघितला तर तीन यार्ड कमी! खांदा मागे जायलाच तयार नाही. वर दुखायचा तो वेगळाच.

हे सगळ्यात आधी लक्षात आलं सॉल्व्हेगच्या. सॉल्व्हेग म्हणजे त्याची आत्या. कॉलेजच्या दिवसांत तो तिच्याकडेच राहायचा. वय अठ्ठावन्न, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, तीस वर्षं शाळेची बस चालवणारी. चाळीस पोरं भरलेल्या बसमध्ये ती नुसती आरशात बघायची आणि शांतता व्हायची. तरुणपणी ती भालाफेकीत राज्यात दुसरी आली होती, आणि पहिल्या आलेल्या बाईचं नाव ती अजूनही धड घेत नसे. एका रविवारी जेवायच्या वेळी आयव्हरला वरच्या फळीवरचं ताट काढता येईना.

“राहू दे, मीच काढते,” सॉल्व्हेग म्हणाली. “बैलाची मान करून घेतलीस, आता नांगर कुठे जुंपायचाय?”

आयव्हरने तोंड पाडून सगळं सांगितलं. एप्रिल, केल्टन, वीस यार्डांची फेक, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि बटाट्याचा लेफ्सा, म्हणजे आमच्याकडची पातळ पोळी, लोणी-साखर लावून, गुंडाळून त्याच्या ताटात ठेवला. “खा. मग शेडमध्ये चल.”

तिच्या घरामागे नवऱ्याची यंत्रं ठेवायची पत्र्याची मोठी शेड होती. कापणी-मळणीचं कंबाइन कधीच विकून टाकलेलं, त्यामुळे शेड मोकळी पडलेली. आयव्हरने मागच्या भिंतीला ट्रकची ताडपत्री टांगली आणि तिच्यावर चेंडू मारायला सुरुवात केली. सॉल्व्हेग कोट घालून, हातात कॉफी घेऊन बादली पालथी घालून बसली. पाच-सहा फेका झाल्यावर तिने विचारलं, “हे कुणाचं?”

“काय कुणाचं?”

“हे फेकणं. हिवाळ्याआधी तुमच्या सामन्याला आले होते ना, तेव्हा त्या पलीकडच्या संघातला लांब मानेचा पोरगा अस्साच फेकत होता.”

आयव्हर थबकला. “हो. सात नंबर. त्याचा हात भक्कम आहे, म्हणून म्हटलं…”

“आणि त्याच्या आधीचं ते, कोपर खाली धरून?”

“तो बारा नंबर.”

“बरं. आता तुझं दाखव.”

आयव्हरने चेंडू कानापाशी नेला आणि तसाच उभा राहिला. तीन वर्षांत त्याने तीसेक माणसांचे हात स्वतःच्या खांद्याला लावले होते, आणि एकाचा काढून दुसऱ्याचा लावताना त्याचा स्वतःचा कुठे ठेवला तेच त्याला आठवेना. ज्या फेकीला लोक बदक म्हणून हिणवत होते ती या सगळ्यांची खिचडी होती. त्याने चेंडू खाली घेतला. बाविसाव्या वर्षी माणसाला हे कळावं, तेही आत्यासमोर, याचं मला आजही वाईट वाटतं.

“आत्या, माझं नाहीये,” तो म्हणाला.

सॉल्व्हेगने उठून चेंडू त्याच्या हातातून काढून घेतला. “तीन आठवडे हा मिळणार नाही. आणि ते लोखंड बंद.” कोपऱ्यातून तिने फावड्याचा जुना दांडा काढला आणि त्याला दिला. “बाहेर बर्फाचा ढीग आहे. त्याच्यात रोव.”

“कसा? एकदा करून दाखव ना.”

“मुळीच दाखवणार नाही. दाखवलं की तू माझं सोंग घेशील. मला माझ्यासारखा फेकणारा भाचा नकोय.”

आणि खरंच तिने शेवटपर्यंत एकदाही दाखवलं नाही. सगळं तोंडी. बसचा फेरा आटोपून ती चारला घरी यायची आणि उजेड असेपर्यंत त्याच्या मागे लागायची. “पुढचा पाय! टेकला की तो खुंटा झाला पाहिजे. गुडघा वाकवलास की सगळा जोर तिथेच सांडला.” “आता कंबर. अरे, कंबर कुठे आहे ती, जेवायला गेली?” “हाताला कसली घाई? हात शेवटी येऊ दे.” दाराच्या कडीला तिने एक रबरी पट्टी बांधली. ती ओढून खांद्यामागचे बारके स्नायू कमवायचे, रोज शंभरदा. कंटाळवाणं काम. आयव्हरने ते न कुरकुरता केलं, कारण कुरकुर करणं त्याला येतच नव्हतं.

तीन आठवड्यांनी चेंडू परत मिळाला. पहिल्या काही फेका जागच्या जागी पडल्या. मग एका दुपारी पुढचा पाय टेकला, तो टेकलेलाच राहिला, कंबर फिरली, आणि हात मागून आपोआप आला. चेंडू ताडपत्रीवर असा आदळला की छतावरची धूळ खाली आली. तो कुणाच्याच नंबरचा चेंडू नव्हता. आयव्हर आपल्याच हाताकडे बघत राहिला.

मार्चअखेर सॉल्व्हेगने चर्चमधल्या ओळखीच्या एका हवालदाराला गळ घातली. तो हायवेवर गाड्यांचा वेग मोजायचं यंत्र घेऊन शेडमध्ये आला. जानेवारीत कॉलेजच्या जिममधल्या यंत्रावर आयव्हरचा चेंडू तासाला सेहेचाळीस मैलांनी गेला होता. आता आकडा आला बावन्न.

“शाळेच्या रस्त्यावर असतास तर दंडच केला असता,” हवालदार म्हणाला.

सॉल्व्हेगने कॉफीचा घोट घेतला. “वाईट नाही,” ती म्हणाली.

आमच्याकडे याच्या वर कौतुक नाही. लग्नात नवरीला, बाळंतपणात पोराला आणि बंपर पिकाला आम्ही एवढंच म्हणतो. आयव्हर मान वळवून ताडपत्री नीट करायला लागला, पण ताडपत्री नीटच होती.

एप्रिलात बर्फ वितळला आणि परीक्षेचा दिवस उजाडला. वारा वायव्येचा, बोचरा. मैदानाच्या कडेला सगळा संघ जमलेला. आधी केल्टन उभा राहिला. देखणा पोरगा, आणि त्याहून देखणी त्याची फेक. सोडायच्या आधी तो पायांवर एक छोटीशी उडी मारायचा, आणि चेंडू त्या उडीतूनच निघाल्यासारखा सुटायचा. तीनपैकी तीन रेषेवर. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

मग आयव्हर. त्याने चेंडू घेतला, लक्ष त्या अंगाच्या रेषेवर लावलं, आणि फेकला. फेकताना त्याच्या पायांनी एक छोटीशी उडी मारली.

त्याला कळलंसुद्धा नाही. तीन वर्षं त्याच्या अंगाला एकच सवय लागलेली होती. समोर कुणी फेकलं, डोळ्यांनी ते बघितलं, की पुढच्या क्षणी तेच करायचं. पुढचा पाय खुंट्यासारखा रोवायचा तो हवेत होता. चेंडू पंधराव्या यार्डाला डगमगला आणि सोळाव्याला पडला. “क्वॅक,” ऑगी म्हणाला. दुसरी फेक त्याहून वाईट. तिसऱ्या वेळी त्याची पाचावर धारण बसली होती, ती फेक सांगण्यासारखीही नव्हती. कोच हेगननी वहीत काहीतरी लिहिलं, टोपी पुढे ओढली आणि जागा केल्टनला दिली. त्यांचा काही अन्याय नव्हता. डोळ्यांसमोर जे झालं तेच त्यांनी लिहिलं.

संध्याकाळी सॉल्व्हेगने स्वयंपाकघरात त्याच्यासमोर गरम ताट ठेवलं आणि एकच शब्द विचारला, “पाय?”

“त्याने उडी मारली. मग माझ्यापण पायांनी मारली.” आयव्हरने ताट बाजूला सारलं. “आत्या, मला येत होतं गं. बावन्न येत होतं.”

“मग कोचना जाऊन सांग.”

“काय सांगू? की मला येतं, पण शेजारी कुणी असलं की मी तो होतो? हसतील ते.”

सॉल्व्हेगला त्या दिवशी फार राग आला होता, कोचचा नाही, त्या पांढऱ्या बंडीचा. “हे बघ,” ती म्हणाली, “त्यांच्याकडे सोंग कर, ते तुझं काम आहे. पण रोज इथे येऊन वीस फेका तुझ्या. तुझ्याच. बघायला कुणी नाही म्हणून सोडायच्या नाहीत.”

त्याने सोडल्या नाहीत. सबंध उन्हाळा, मग सप्टेंबर, मग ऑक्टोबर. कॉलेजात तो सोमवारी खुंटीवरची बंडी घालायचा आणि कुणीतरी व्हायचा. घरी येऊन शेडमध्ये वीस फेका टाकायचा आणि परत आयव्हर व्हायचा. शनिवारी बाजूला उभा राहून केल्टनला हातवाऱ्यांनी डाव कळवायचा. केल्टनला निम्मे समजायचे, निम्मे नाही, आणि तो जोरदार हात समोरच्यांच्या हातात चेंडू नेऊन द्यायचा. सात सामने झाले, चार हरले. कोच हेगन नखं खायला लागले.

नोव्हेंबरात घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना आला. शेवटच्या वर्षाच्या पोरांचे आईबाप त्या दिवशी मैदानात येऊन पोरांच्या शेजारी उभे राहतात, अशी आमची रीत. समोर प्लम क्रीकचा संघ होता. सोमवारी आयव्हरच्या खुंटीवर नऊ नंबरची बंडी होती. बुधवारी सराव सुरू होताना कोच मोठ्याने म्हणाले, “ह्या आठवड्यात बदकाला फिल्म बघायचीपण गरज नाही. यांचा नऊ नंबर म्हणजे आपला मागच्या वर्षीचा बदक. डोकं शाबूत, हात नाही. तेव्हा बाळा, तुझं जुनं बदक काढ आणि टाक. बास!”

सगळा संघ हसला. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला केल्टनबरोबर सराव करणारा ऑगी तिकडूनच “क्वॅक क्वॅक” करून गेला. आयव्हरही हसला आणि उभा राहिला. त्याला जुनं सगळं आठवत होतं. गुडघा ढिला, कोपर खाली, सगळा जोर खांद्यात. त्याने चेंडू घेतला. पुढचा पाय टेकला, आणि टेकलेलाच राहिला.

चेंडू शिट्टी वाजवल्यासारखा गेला. चेंडू मध्येच पडणार म्हणून बचावातले दोघे पुढे धावले होते. तो त्यांच्या डोक्यांवरून निघून गेला.

“बदका! ऐकायला येत नाही का? नऊ नंबर! त्याला हे जमत नाही!”

“सॉरी, कोच.”

दुसरा चेंडूही तसाच. तिसऱ्या वेळी त्याने मुद्दाम हळू टाकला. चेंडू अलगद, सरळ, एकही झोका न खाता गेला आणि पंधरा यार्डांवर उतरला.

कोच चालत जवळ आले. “हे हळू झालं. मला हळू नकोय, कमजोर हवंय. त्या बिचाऱ्याचा चेंडू डगमगतो कारण तो जीव तोडून फेकतो. तू पण तसंच कर. सगळा जोर लाव, आणि पंधरावर पाड.”

“सगळा जोर?”

“सगळा.”

आयव्हरने सगळा जोर लावला. मैदानाच्या या अंगाकडून सुटलेला चेंडू त्या अंगाच्या रेषेवर, वीस यार्ड पुढे, जाऊन पडला. कोचनी आधी चेंडू कुठे पडला ते पाहिलं, मग मान वर करून निशाणाकडे. वाऱ्याने निशाण त्यांच्याच दिशेला ताठ उभं होतं.

“परत,” ते म्हणाले.

परत तिथेच.

“कोच, खरंच सॉरी,” आयव्हर म्हणाला. तो मनापासून घाबरला होता, आपलं एकुलतं एक काम आपल्याला येईनासं झालं म्हणून. “मी प्रयत्न करतोय, पण ते येतच नाहीये. सात नंबर सांगा, बारा सांगा, आत्ता करून दाखवतो. हेच येत नाहीये.”

“एप्रिलात,” कोच हेगन म्हणाले, “एप्रिलात तू ही फेक का नाही टाकलीस?”

“एप्रिलात मी केल्टनची टाकली.”

“केल्टनची? का?”

“तो माझ्या आधी टाकत होता.”

कोचनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. “जा, पाणी पी,” एवढंच ते म्हणाले.

गुरुवारी बर्फ पडला आणि सराव जिममध्ये हलवला, नुसते चालत-चालत डाव म्हणायचे. आयव्हर कपडे बदलायला गेला तर खुंटी रिकामी. सामानाची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्याला तो विचारायला गेला, “माझी बंडी राहिली का टांगायची?”

“राहिली नाही. कोचनी सांगितलंय, या आठवड्यात तू कुणी व्हायचं नाही.”

नऊ नंबरची बंडी केल्टनच्या अंगावर होती. तोंड चांगलंच आंबट झालेलं. तो आयव्हरपाशी आला आणि म्हणाला, “दोन आठवडेच राहिलेत तुझे, म्हणून गप्प बसतोय. पुढच्या वर्षी जागा माझीच आहे.” मग थोडं थांबून, “बरं, हा माणूस फेकतो तरी कसा?”

“गुडघा ढिला सोड,” आयव्हर म्हणाला. “आणि घाई कर. मी करून दाखवलं असतं, पण मला येत नाही.”

शनिवारी ऊन होतं आणि वाराही होता. आयव्हरचे आईवडील दोन तास गाडी हाकून आले, आणि आईबापांच्या रांगेत सॉल्व्हेगही येऊन उभी राहिली. ती आई नाही, बाप नाही, पण तिला हटकायची कुणाची छाती झाली नाही. रांगेतली निम्मी पोरं तिच्या बसमधून शाळेत गेलेली. रांग मोडली, लोक जागेवर जाऊन बसले, आणि आयव्हर स्कोगन चौदा नंबर घालून पहिल्या मिनिटाला मैदानात उतरला. सवयीने चार-दोन लोक उठून उभे राहिले आणि ओशाळून परत खाली बसले.

तिसरा डाव त्या फेकीचा होता. ऑगी फेटिग मैदानाच्या त्या अंगाला धावला, रेषेपाशी वळला. चार वर्षं त्याने बदकाचे चेंडू उभ्या-उभ्या, गप्पा मारत पकडले होते. तेवढाच वेळ आहे असं धरून त्याने सावकाश हात वर केले. चेंडू त्याच्या हातांच्या आधी तिथे पोचला, पंज्यावर फाडकन आदळला आणि उडून रेषेबाहेर गेला.

ऑगी हात झटकत, बोटं काखेत दाबत धावत आला. “अरे ए बदका! हळू टाक की जरा! बोटं मोडतोस का माझी?”

आयव्हरला चार वर्षांत संघातल्या कुणीही हे सांगितलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. वाऱ्याचं निमित्त होतं, म्हणून कुणी विचारलं नाही.

“सॉरी,” तो म्हणाला, आणि पुढची फेक तेवढ्याच जोरात टाकली.